एकतीस नंबरचा चेहरा

नंदे,

तेराव्याला ठेवलेला तुझा फोटो पाहिला आणि मला रडू यायच्या आधी राग आला. भावोजींनी घाईत मोबाईलमधला फोटो स्टुडिओत दिला होता, आणि स्टुडिओवाल्याने आपली हौस भागवून घेतली होती. हसताना उजवीकडे वर जाणारा तुझा ओठ त्याने खाली ओढला, डावी भुवई थोडी उचलली, हनुवटी मधोमध आणून ठेवली. हार घातलेली ती बाई नीटनेटकी होती आणि कोणाच्याच ओळखीची नव्हती. तुझी वीस वर्षं लोकांचे दात सरळ करण्यात गेली आणि तितकीच त्यांना हे पटवण्यात, की बाबांनो, तोंड सरळ नसतं, कोणाचंच नसतं. शेवटी तुझंच तोंड एका स्टुडिओवाल्याने दहा मिनिटांत सरळ करून दिलं. लोक हात जोडत होते आणि म्हणत होते, किती छान फोटो आहे.

मी कोणाला काही बोलले नाही. न बोलण्याचा मला आता चांगला सराव झालाय. त्याबद्दलच लिहायला बसलेय.

हे सगळं सुरू झालं खेडच्या त्या मुलीपासून. तू तिला विसरली नव्हतीस, मीही नाही. आईचा हात धरून तुझ्या दवाखान्यात आली, ओढणी गालावर धरून बसली. आई म्हणाली, "बाय, पोरीला बगून गेले नि निरोप धाडलानी, तोंड वाकडं हाय म्हनून. हाड कापून सरळ करतात म्हनं मुंबईला." तू त्या मुलीला मागच्या खोलीत, माझ्याकडे पाठवलंस. तेव्हा माझं स्कॅन मशीन तुझ्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं. माणूस मशीनमध्ये उभा राहतो, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि कवटीचं चित्र संगणकावर हवं तसं फिरवून सर्व बाजूंनी पाहता येतं. आपण तिच्या जबड्याचं डावं-उजवं मोजलं. फरक होता, पण तुझ्यामाझ्यात असतो तेवढाच. तू बाहेर येऊन आईला सांगितलंस, काही कापायचं नाही. आई म्हणाली, "पर किती वाकडं चालतं, ता लिवून द्या ना. त्यांना दाखवते."

तू लिहून देऊ शकली नाहीस. किती वाकडं चालतं हे आपल्या इकडच्या माणसांचं कोणी मोजलेलंच नव्हतं, निदान आपल्याला सापडलं नाही. पुस्तकातले आकडे भलत्याच देशांतले. त्या संध्याकाळी तू माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणालीस, "कल्पे, आपणच मोजू या गो."

तुला नाही म्हणणं मला कधी जमलं? लग्न मोडून मी परत आले तेव्हा अख्ख्या रत्नागिरीत एकटी तूच अशी मैत्रीण होतीस, जिने का म्हणून विचारलं नाही. मागच्या खोलीची किल्ली हातात दिलीस आणि म्हणालीस, दात मी बघते, हाडं तू बघ. त्या किल्लीवर मी पुन्हा उभी राहिले. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस.

पण एका गोष्टीला मी ठाम नाही म्हटलं. निरोगी माणसाला नुसतं मोजण्यासाठी स्कॅन करायचा नाही. थोडी का होईनात, किरणं ती किरणंच. तू म्हणालीस, निदान माझा तरी घे, मी काय तक्रार करणार आहे? मी म्हटलं, तुझाही नाही. अक्कलदाढेसाठी, दात बसवण्यासाठी, कशाकशासाठी आधीच काढलेले जे स्कॅन आपल्याकडे आहेत, त्यातलेच घ्यायचे. तू तोंड फुगवलंस. "तू डॉक्टर कमी आणि कस्टमवाली जास्त आहेस," असं म्हणालीस. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग तू साठ स्कॅन निवडलेस. नावं काढून टाकलीस, नुसते नंबर ठेवलेस. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त तुझ्या निळ्या डायरीत. मोजणारी मी, आणि मला माणूस कळता कामा नये, नाहीतर हात कलतो. कातडी दिसणार नाही अशी सोय केलीस, पडद्यावर फक्त हाड. नाकाच्या मुळाशी टिंब, गालाच्या हाडावर टिंब, जबड्याच्या कोपऱ्यावर टिंब, हनुवटीच्या टोकावर टिंब. मधून एक रेघ, आणि त्या रेघेपासून डावं किती, उजवं किती. प्रत्येक स्कॅन दोनदा मोजायचा, मध्ये पंधरा दिवस सोडून, म्हणजे माझा हात किती चुकतो तेही कळेल. साठ कवट्यांत एकही दोन्ही बाजूंनी सारखी निघाली नाही. रोज सकाळी मी बाहेर येऊन तुला सांगायचे, आजचा पण वाकडा. तू खूश व्हायचीस.

त्या दिवसांत तू माझ्या फोटोचा खेळ केला होतास, आठवतं? माझ्या चेहऱ्याचा डावा अर्धा घेतलास, तो उलटा करून त्यालाच जोडलास. दोन डाव्या बाजूंची एक कल्पी तयार झाली. ती थेट माझ्या अलोऱ्याच्या आत्यासारखी दिसत होती, वसाहतीतली पोरं जिला पाहून खेळ सोडून पळायची. तू तो फोटो दवाखान्यात लावलास आणि खाली लिहिलंस, सरळ चेहरा असा दिसतो, हवा आहे का? पेशंट हसायचे. मी आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, आणि तरी तो फोटो काढला नाही.

आता ते भांडण.

बाराव्या नंबरला मला अक्कलदाढेभोवती एक गाठ दिसली. मी टिंबं सोडून बाहेर आले आणि म्हटलं, डायरी काढ, हा माणूस कोण ते पाहू, त्याला बोलावू. तुझ्यासमोर पेशंट खुर्चीत आ वासून होता. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "अगो, या सगळ्यांचे रिपोर्ट तूच दिलेले आहेस ना? त्याची दाढ काढून झालीसुद्धा. इथे रोग शोधायचा नाहीये, अंतर मोजायचंय. जिथे तिथे रोग शोधायचा हाच तुझा रोग आहे." पेशंटही हसला. बोळा धरून उभी असलेली तुझी नर्सही हसली.

तुझं बरोबर होतं, तेच मला लागलं. माझ्या खोलीतून स्कॅन बाहेर पडतो तो माझ्या रिपोर्टसकटच. मी तो कोपरान् कोपरा वाचते, त्यात डॉक्टरने विचारलेलं असो वा नसो. साठही स्कॅन मी एकदा वाचलेले होते. मग पुन्हा वाचायची गरज काय? मी आत गेले आणि ठरवलं, बरं, आता टिंबांपलीकडे काही पाहणार नाही. घे तुझी अंतरं.

एकतीस नंबरला मी आले त्या दिवशी माझ्या मनात ती अढी चांगली ताजी होती. गालाच्या हाडावर टिंब देताना आडवा छेद उघडावा लागतो. तिथेच बाजूला सायनसची पोकळी असते. आत हवा असली की ती काळी दिसते. उजवीकडची काळी होती. डावीकडची राखाडी होती, पूर्ण भरलेली. माझा हात थांबला. किती वेळ थांबला ते मला नक्की सांगता येणार नाही, पण थांबला हे नक्की. मी मनाशी म्हटलं, सर्दी असेल. मग म्हटलं, मी हा रिपोर्ट आधी दिलेलाच असणार, तेव्हा लिहिलंही असेल. आणि मग तिसरं म्हटलं, जे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही: सांगायला गेले तर ही पुन्हा चारचौघांत हसेल, मरू दे.

मरू दे असंच म्हटलं मी. मनात, पण याच शब्दांत.

टिंब दिलं. दीड मिलिमीटरचा फरक आला. सगळ्यांसारखाच. पंधरा दिवसांनी तोच नंबर पुन्हा आला, पुन्हा तोच राखाडी गाल, आणि या वेळी माझा हात थांबलाही नाही. दोन्ही वेळची मापं इतकी जुळली की तू माझं कौतुक केलंस. म्हणालीस, तुझा हात म्हणजे सोनाराचा काटा आहे.

एकतीस नंबरचा रिपोर्ट मी कधी दिलेलाच नव्हता. मोजणीआधी तो स्कॅन माझ्या नजरेखालून गेलाच नव्हता. गणपतीनंतर वडिलांच्या मोतीबिंदूसाठी मी चार दिवस अलोऱ्याला गेले होते, तेव्हा तू मशीन चालवणाऱ्या मुलीला सांगून स्वतःचा काढून घेतलास. अख्ख्या चेहऱ्याचा. वरची डावी शेवटची दाढ ठणकत होती, म्हणालीस म्हणे तिला. आणि वर बजावलंस, मॅडमना सांगू नको, घरचंच काम आहे, रिपोर्ट नको. मी ओरडले असते हे तुला माहीत होतं. एका दाढेसाठी सबंध डोकं कशाला, तुला मोजणीत घुसायचंय म्हणून हे नाटक, असं मी नक्की म्हटलं असतं.

मग तू एकटीने पडद्यावर ती दाढ पाहिलीस. मूळ चांगलं, कीड नाही. दाढेत काही नाही म्हणून तू निरोगी ठरलीस, आणि निरोगी ठरलीस म्हणून साठांत बसलीस. तू दाढ पाहिलीस, मी टिंबं पाहिली. दाढेच्या वर बोटभर अंतरावर जे होतं ते पाहायचं काम आपण दोघींनी एकमेकींवर सोडलं. नंदे, एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर तू त्याला दाराबाहेर उभं केलं असतंस.

मे महिन्यात तू गाल धरून आलीस. तोवर महिनोन् महिने सर्दीच्या गोळ्या खात होतीस, स्वतःच स्वतःला लिहून. "सुजलाय गो, नि बधिर लागतंय." मी स्कॅन घेतला. तू पेशंटसारखी बाहेर बसायला तयार नव्हतीस, माझ्यामागे येऊन उभी राहिलीस, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. चित्र आलं. डावी पोकळी भरलेली आणि तिची मागची हाडाची भिंत नव्हतीच, गाठीने खाल्लेली. तू म्हणालीस, "वाच." मी वाचलं, मोठ्याने, एक शब्द न गाळता. तू "बरं" म्हणालीस आणि पर्स घ्यायला बाहेर गेलीस.

पण त्या आधी, वाचतावाचताच, मी नाकाचा पडदा पाहिला होता. मधला पडदा डावीकडे वाकून पुन्हा उजवीकडे वळलेला. असा पडदा मी एकदाच पाहिला होता, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. तिथल्या तिथे मला एकतीस नंबर आठवला.

मी डायरी मागितली नाही. डायरी तुझ्या कपाटात आहे, तू आजारी आहेस, आता कुठे डायऱ्या शोधायच्या, असं मी स्वतःला सांगितलं. चार महिने सांगत राहिले. दर पंधरा दिवसांनी मुंबईला यायचे, तुझ्यासाठी कुळथाचं पातळ पिठलं आणायचे, नळीतून जाईल असं. डॉक्टरांशी मीच बोलायचे, कारण भावोजींना बोटीवरून यायला वेळ लागला होता. एकदा मी तुझ्या सर्जनना विचारणार होते, की हे पाच महिने आधी दिसलं असतं तर काय झालं असतं. ओठावर आलं होतं. मग मी औषधांच्या वेळा विचारल्या.

ऑपरेशनमध्ये तुझा डावा वरचा जबडा गेला. पट्टी निघाली त्या दिवशी मी होते. बोलता येत नव्हतं, म्हणून तू पाटीवर लिहायचीस. तू आरसा मागितलास. पाहिलास. मग पाटी ओढून लिहिलंस, "आता तरी मी नॉर्मलच्या बाहेर गेले ना?" आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. राहिलेल्या उजव्या बाजूने हसत होतीस. मी पाटी पुसली आणि तुझी चादर नीट केली.

तो "तरी" मी इतक्या वेळा मनात वाचलाय, की आता त्याचा अर्थच लागेनासा झालाय. तू मला दार उघडून देत होतीस का? की उगाच लिहिलंस? तुझ्यावर माझा राग आहे, नंदे, तो ऐकून घे. माझ्या पाठीमागे स्कॅन काढलास, यासाठी आहे. चारचौघांत हसलीस, यासाठी आहे. जन्मभर इतरांच्या तोंडात डोकं घालून बसलीस आणि स्वतःच्या दुखण्याला सर्दी म्हणालीस, यासाठी तर फारच आहे. आणि हा सगळा राग एकत्र केला तरी त्या एका "मरू दे"ला पुरत नाही, हेही मला कळतं.

काल दुपारी भावोजींनी मांडवीला घरी बोलावलं. समोर समुद्र खवळलेला होता आणि खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यांनी निळी डायरी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हे आता तुमचं. तिचा तो पेपर तुम्ही पुरा करून पाठवा. नाव तिचं पहिलं घाला. तिची फार इच्छा होती."

मी डायरी उघडली. एकतिसाव्या ओळीत तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, "स्वतः."

मी ते सगळं सांगितलं. राखाडी गाल सांगितला, दोनदा पाहिला ते सांगितलं, अढी सांगितली, "मरू दे"सुद्धा सांगितलं. अर्धा जन्म बोटीच्या इंजिनापाशी काढलेला माणूस, त्यांना मोठ्याने बोलायची सवय. पण ते अगदी हळू म्हणाले, "मला माहीत आहे, कल्पना."

कधीपासून, मी विचारलं.

"मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तिने तो जुना स्कॅन उघडून पाहिलान. मी बोटीवर होतो, फोनवर सांगितलंन मला. म्हणाली, यात स्वच्छ दिसतंय, मला दिसलं नाही, नि कल्पीने दोनदा मोजलंन. मी म्हटलं, मग विचार तिला. तर म्हणाली, नाही. ती विचारील, एकतीस नंबर कोणाचा. विचारलंन तर मी सांगेन, नि मग आम्ही भांडू. नाही विचारलंन, तर तुम्ही तिला छळू नका."

म्हणजे चार महिने तू वाट पाहत होतीस. मी पिठलं घेऊन यायचे, तू पाटी घेऊन बसायचीस, आणि दोघींना सगळं माहीत होतं. मला वाटत होतं की मी तुझ्यापासून लपवतेय. तू मला माफ केलं होतंस की शिक्षा देत होतीस, हे भावोजींना विचारलं. ते म्हणाले, "मला कसं कळणार? तुमचं दोघींचं मला कधीच काही कळलं नाही." मग ते चहा ठेवायला आत गेले. बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

आज सकाळी मी पेपर लिहायला घेतला. एकतीस नंबर यादीतून काढला आणि सगळी गणितं पुन्हा केली. सरासरी होती तिथेच राहिली. एका माणसाने साठांत काही हलत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. खेडच्या त्या आईला आता लिहून देता येईल, किती वाकडं चालतं ते. ते काम तुझंच आहे आणि चांगलं झालंय. तुझं नाव पहिलं घातलंय.

पद्धतीच्या भागात मात्र मी एक वाक्य वाढवलंय: "साठांपैकी एक स्कॅन वगळला, कारण त्यात गंभीर आजार होता, मोजणाऱ्या व्यक्तीने तो दोन्ही वेळा पाहिला होता आणि सांगितला नव्हता." त्याखाली मोजणाऱ्या व्यक्तीचं नाव आहे, पूर्ण. छापतील की नाही माहीत नाही. हे वाक्य वाचून तू कागद ओढून घेतला असतास, "वेडी आहेस काय गो," म्हणत त्यावर आडवी काट मारली असतीस, मी ते पुन्हा लिहिलं असतं आणि तू पुन्हा खोडलं असतंस. आता ते लिहिलं तसंच राहणार आहे, नंदे. खोडायला कोणी नाही.

तुझी,
कल्पी